बादली आणि काटकसर

आमच्या सोसायटीच्या व्यवस्थापक मंडळाने गेल्या महिन्यात पाणीबचतीचे जे फर्मान काढले, त्याअन्वये यच्चयावत नळांच्या तोंडी एकेक बारीक जाळी बसविण्यात आली असून, जो नळ पूर्वी मिनिटाला १२ लिटर पाणी देत असे तो आता ३ लिटर देतो. सबब पाऊण हिश्श्याची बचत झाली, असा हिशेब सूचनाफलकावर तांबड्या शाईत लावलेला आहे. गणित निर्दोष आहे. त्यात बादली तेवढी धरायची राहिली.

बादली हे मोठे हट्टी पात्र आहे. तिच्यात पाणी मावते १८ लिटर. ती दीड मिनिटात भरली तरी १८ लिटर, आणि सहा मिनिटांत भरली तरी १८ च लिटर. ही गोष्ट मी सेक्रेटरीसाहेबांच्या कानी घातली. कानी घातली एवढेच नव्हे, तर त्यांना आमच्या मोरीत आणून, हाती घड्याळ देऊन प्रत्यक्ष दाखविली. सहा मिनिटे ते निश्चलपणे बादलीकडे पाहत उभे होते. मग म्हणाले, "अहो, पण धार बारीक झाली की नाही?" ती झाली होती, हे मला कबूल करावे लागले.

हात धुताना किंवा भांडी विसळताना ही जाळी खरोखरच पाणी वाचविते, आणि हवा मिसळलेली ती दुधाळ धार दिसतेही देखणी. परंतु पाटावर बसून तांब्याने अंगावर पाणी घेणाऱ्या गृहस्थाची तिने केवळ गाडी चुकते. त्यातून आमच्याकडे गॅसचा गिझर. हे यंत्र जुन्या मामलेदाराच्या स्वभावाचे आहे. पाण्याचा ठरावीक जोर पोटातील पडद्यावर आल्याखेरीज ते ज्योत मंजूर करीत नाही, आणि जाळीतून जाणाऱ्या क्षीण प्रवाहाचा अर्ज ते रोज सकाळी दप्तरी दाखल करून स्वस्थ बसते, मध्येच 'भक्' करून पेटते, आपण हर्षभराने तांब्या उचलावा तो विझते, आणि या सर्व वाटाघाटी चालू असता बादली मात्र गार पाण्याने इमानेइतबारे भरत राहते. ती रिकामी करून दुसरी लावावी लागते, तेव्हा पूर्वी एका बादलीत उरकणारे स्नान आता दोन बादल्यांचे झाले असून, फलकावरील बचत अबाधित आहे.

अध्यक्षमहाशयांकडे ताटाएवढा परदेशी शॉवर आहे. त्याचे आटे आमच्या जाळीशी जुळत नाहीत, म्हणून तो फर्मानातून वगळला आहे. आटे जुळत नाहीत! १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले आणि पाठोपाठ खडकवासलाही गेले, तेव्हा या पुण्यात नळ कोरडे पडून वाड्यांतल्या विहिरींवर रांगा लागल्या होत्या. त्या दिवसांत अर्ध्या बादलीत स्नान, उरलेल्यात धुणे आणि धुण्याच्या पाण्यात मोरी उरकणाऱ्या बायकांच्या सुना-नातींना आज काटकसरीचे पाठ द्यावेत ते कोणी, तर ज्याला पाणी किती लागते हे ठाऊकच नाही, कारण ते त्याने आयुष्यात कधी कशात भरूनच घेतलेले नाही! बादलीवाल्याला आपला खर्च दिसतो हो. शॉवरखाली डोळे मिटून उभ्या राहिलेल्याला काय दिसणार, कपाळ?

असो. रागाच्या भरात मी मंडळाकडे एक लेखी दरखास्त गुदरली, की मजकूर बचत जर खरोखर साधावयाची असेल तर नळाऐवजी बादलीच लहान करावी. उपरोधाची आमच्या इमारतीत पैदास नाही, हे मी विसरलो होतो. काल संध्याकाळी फलकावर तांबड्या शाईत नवी सूचना लागली: सूचक म्हणून माझे नाव, खाली आभार, आणि येत्या रविवारी सकाळी दहा वाजता सर्व सभासदांनी आपापल्या बादल्या मोजणीसाठी वाहनतळावर हजर कराव्यात, अशी ताकीद.

शॉवरधारकांना हजेरी माफ आहे.