झेड वर्गातला घाट

केंद्र सरकारच्या नोकरीतला, एक लाख मूळ पगाराचा अर्थतज्ज्ञ घ्या. मुंबईत त्याला घरभाडे भत्ता ३० टक्के, म्हणजे तीस हजार. पोलादपुरात १० टक्के. हिशेब चोख वाटतो. तीस हजारांत मुंबईत खोली मिळते की नुसता दलाल, ते सोडा.

आता त्याला आंबेनळी घाट चढवा. चाळीसेक किलोमीटरवर महाबळेश्वर, जिथं मे महिन्यात खोलीचं भाडं विचारायलाही छाती लागते. भत्ता मात्र पोलादपूरचाच! कारण शहराचा वर्ग भाड्यावर ठरत नाही, डोक्यांवर ठरतो. पाच लाखांच्या आत वस्ती असेल तर ‘झेड’. मग दारात पर्यटक असोत की वानरं.

रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख जन्मले महाडजवळच्या नाते गावी. म्हणजे अर्थकारणाचं वावडं या मुलखाला नाही. इथला चाकरमानी तर मुंबईचं भाडं भरून गावचं घरही पावसाळ्याआधी शाकारून घेतो. हे दुसरं घर राहणीखर्चाच्या कोणत्या रकान्यात बसतं, ते तीस टक्केवाल्या साहेबांना विचारावं. गणपतीत एसटीचं तिकीट मिळालं तर तेही विचारून घ्यावं.