अढीतले आंबे आणि नव्वद बोगदे

एसटीच्या तिकिटाचा हिशेब हल्ली मोठा मजेशीर झाला आहे. मेच्या शेवटच्या आठवड्यातल्या एका सकाळी कुडाळ स्टेशनाजवळ एक कुटुंब एसटीतून उतरलं. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट, म्हणून ठाण्याला परत निघालेली आई अर्धी. मुलगा सहा वर्षांचा, म्हणून तोही अर्धा. मुलगी तीन वर्षांची, फुकट. पोचवायला आलेले आजोबा पंचाहत्तरीच्या पुढचे, तेव्हा ऑगस्ट २०२२ पासून तेही फुकट. पाच माणसं आणि सात डागांच्या त्या ताफ्यात पूर्ण तिकीट एकट्या काकाचं होतं, आणि सातही डाग त्यानेच उचलले.

मांडवी एक्स्प्रेस आली, डाग चढले, मुलं चढली. खिडकीतून आजोबांना नमस्कार झाला. काकाला ‘भावोजी, उन्हात थांबू नका आता’ असं दोनदा सांगून झालं. गाडी हलली, काकाची पाठ वळली आणि ठाणेवालीने बहिणीला फोन लावला. “अगं, आमच्या धाकट्या जाऊने काय केलं माहितेय?”

भावोजींची बायको तीच ही जाऊ. म्हणून तर पाठ वळायची वाट बघायची.

“दारातल्या कलमाचे शेवटचे दोन डझन गं. मी माझ्या हाताने अढी घातलेली. आणि काल सकाळी माळ्यावर जाऊन बघते तर...” इथे रेंज गेली. समोरच्या बाजूच्या बाकावर पेपर वाचत बसलेल्या एका आजोबांनी पेपर जरासा खाली घेतला, आणि पुढे काही येत नाही असं बघून पुन्हा वर केला.

कणकवलीला खारघरवाली चढली. बरोबर चौथीत गेलेला मुलगा, आमसुलांची पिशवी, आणि तिखटामिठाचा वास येणारी आणखी एक पिशवी. दोघी बायकांची ओळख व्हायला साधारण दीड मिनिट लागलं. त्यात एकमेकींचं नाव कुणीच विचारलं नाही. मुलगा कितवीत, शाळा कुठली, बोर्ड कुठलं आणि दूध पितो का, एवढ्यावर काम भागलं.

मग जागेचा प्रश्न निघाला. एप्रिल २०१६ पासून रेल्वेत पाच ते बारा वर्षांच्या मुलाला बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं पडतं, अर्ध्या तिकिटात बर्थ मिळत नाही. पाचाच्या आतल्याला तिकीटही नाही आणि बर्थही नाही. म्हणजे ठाणेवालीची दोन्ही मुलं कागदोपत्री डब्यात कुठेच बसलेली नव्हती. प्रत्यक्षात ती सगळीकडे होती. खिडकीत होती, वरच्या बर्थवर झोपलेल्या कॉलेजच्या पोरांच्या पायाशी होती, आजोबांच्या पेपरच्या खाली होती. खारघरच्या चौथीवाल्याचं मात्र पूर्ण तिकीट. तो आपल्या जागेवर मांडी घालून संस्थानिकासारखा बसला होता आणि ‘ही माझी सीट आहे, फुल तिकीट आहे’ असं दर पाच मिनिटांनी जाहीर करत होता. टीसी येऊन गेला तेव्हा त्याने त्यालाही ते सांगितलं.

“तर काय सांगत होते,” ठाणेवालीने सुरुवातीपासून सुरुवात केली. “आमच्या धाकट्या जाऊने—”

“आई, शू.”

लहान मुलांच्या आयांचं बोलणं हा एक वेगळाच साहित्यप्रकार आहे. त्यात वाक्य एका स्टेशनात सुरू होतं आणि क्रियापद तीन स्टेशनांनंतर येतं. बायका ते विसरत नाहीत, हे विशेष. वैभववाडीला अर्धवट राहिलेलं ‘अढी उघडली तर’ राजापूर रोडला बिनचूक त्याच शब्दापासून पुढे सुरू झालं. “अढी उघडली तर नुसता पेंढा! आणि आदल्याच दिवशी जाऊबाईंनी माहेरी एक पिशवी धाडलेली. चांगली जड.”

“बाई गं!” खारघरवाली म्हणाली. तिच्यापुरता निकाल लागला होता.

तेवढ्यात तिचं लक्ष ठाणेवालीच्या मुलाकडे गेलं. ओठाच्या कडेला आणि हनुवटीवर काळपट लाल चट्टा, मध्ये बारीक फोड. “हे काय झालं हो याला?”

“घामोळं. यंदा ऊन किती होतं!”

“घामोळं असं ओठाला येतं का? पोटात उष्णता वाढली असणार. आंबे पाण्यात न भिजवता खाल्ले की असंच होतं.”

“नाही हो, मी तासभर भिजवल्याशिवाय एक आंबा देत नाही.” यावर मुलगा खिडकीबाहेर बघू लागला. समोरच्या आजोबांनी पेपर खाली केला, चष्मा कपाळावर चढवला, पोराच्या हनुवटीकडे निरखून बघितलं आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं. गाडी बोगद्यात शिरली. बाहेर आली तोवर विषय रतांब्यांवर गेला होता.

कोकणात मे संपत येतो तेव्हा घड्याळ सूर्यावर चालत नाही, मृगावर चालतं. रोहिणी लागली की घरातल्या बायकांची धावपळ सुरू होते, कारण ७ जूनच्या आसपास मृग लागायच्या आत सगळं वाळून डब्यात गेलं पाहिजे. पोह्याचे पापड, फणसाची साठं, सांडगी मिरची, आंबापोळी. त्यात सगळ्यात चिकट काम आमसुलांचं. पिकलेले रतांबे फोडायचे, बिया आणि गर वेगळा काढायचा, त्या रसात मीठ घालायचं. मग सालं त्या रसात बुडवायची, उन्हात टाकायची, संध्याकाळी पुन्हा बुडवायची, सकाळी पुन्हा ऊन. अशी काही पुटं चढली की सालं काळी, लवचीक, आंबट होतात. या काळात अंगणात जे काही पांढरं येईल ते जांभळं होतं. खारघरवालीच्या मुलाचा पांढरा टी-शर्ट आला होता नवा कोरा. परतताना त्यावर भारताच्या नकाशासारखं काहीतरी उमटलं होतं, आणि श्रीलंका बाहीवर.

“निघत नाही हो,” ती म्हणाली. “लिंबू लावलं, मीठ लावलं. शेवटी सासूबाई म्हणाल्या, दुसरी बाहीपण बुडव, रंगवलाय म्हणून सांग.”

रत्नागिरीच्या अलीकडे पानवलचा पूल आला. ६४ मीटर उंच. खाली कुतुबमिनार उभा केला तर वरचं टोक तेवढं रुळांच्या वर डोकावेल. मुलं खिडकीशी धावली आणि दोन्ही आयांनी, बोलणं न थांबवता, आपापल्या पोराची कॉलर मागून धरली. पूल संपला तशा कॉलरी सुटल्या. खारघरवालीने मध्ये तीनचाकी सायकलची किंमत सांगून संपवली होती. पूल मात्र दोघींपैकी कुणीही बघितला नाही.

रत्नागिरीला सात महिन्यांचं बाळ घेऊन दादरवाली चढली. माहेरी बाळंतपण करून आता सासरी परत. तिच्यासोबत एक पाळण्याएवढी पिशवी होती, तिच्यात बाळाचे कपडे वर आणि आईने दिलेली कुळथाची पिठी, नाचणीचं सत्त्व, काजूगर खाली. बाळाला अजून काही दात नव्हते, तरी काजूगर बाळासाठीच होते असं तिने सांगितलं. नव्या बाईसाठी जावेची गोष्ट तिसऱ्यांदा पहिल्यापासून सुरू झाली. आता ठाणेवालीचा हात बसला होता. पेंढा उचलण्याच्या ठिकाणी ती आवाज खाली आणायची आणि ‘पिशवी’ म्हणताना हाताने वजन दाखवायची. पिशवीचं वजन कुडाळपासून रत्नागिरीपर्यंत चांगलं दोन किलोंनी वाढलं होतं.

रत्नागिरी सोडल्यावर थोड्याच वेळात करबुड्याचा बोगदा लागतो. साडेसहा किलोमीटरचा, कोकण रेल्वेवरचा सगळ्यात लांब. रोहा ते ठोकूर या ७४१ किलोमीटरच्या मार्गावर नव्वदच्या वर बोगदे आहेत. २६ जानेवारी १९९८ ला सबंध मार्ग सुरू झाला तेव्हापासून मुलं ते मोजत आली आहेत आणि कुणाचाही आकडा कुणाशी जुळलेला नाही. ठाणेवालीच्या मुलाची मोजणी ‘एकोणतीस’वर होती. चौथीवाला म्हणाला, तेहतीस. करबुड्यात काळोख झाला, आवाज दहापट झाला, बाळ किंचाळलं, तीन वर्षांची कुणाच्या तरी पायावर पडली आणि कुणीतरी ‘आई, शी’ असं म्हणालं. बोगदा संपेपर्यंत ते कोण म्हणालं हे कळायला मार्ग नव्हता. उजेड आला तेव्हा सगळी मुलं निष्पाप चेहऱ्याने बसली होती. त्या साडेसहा किलोमीटरमध्ये तिन्ही आयांनी आपापल्या मुलाला मनातल्या मनात संशयित ठरवलं होतं.

पुढे कुठल्याशा लहान स्टेशनात गाडी थांबली. एकेरी मार्ग, समोरून गाडी यायची होती. मांडवी खाण्यापिण्यासाठी नावाजलेली गाडी, त्यामुळे थांबली काय आणि धावली काय, डब्यातून कटलेट फिरतच होतं. तिघींनी एकमेकींना ‘बाहेरचं देत नाही हो आम्ही’ असं सांगितलं आणि मग सहा कटलेटं घेतली.

याच थांब्यात उवांचा विषय निघाला.

सुरुवात खारघरवालीने केली, अगदी हलक्या आवाजात, जणू शेअर बाजाराची आतली बातमी. तिच्या नणदेच्या मुलीच्या डोक्यात सापडल्या होत्या. ठाणेवाली क्षणभर गप्प राहिली आणि मग म्हणाली, “आमच्याकडेही.” दादरवालीने बाळ किंचित दूर सरकवलं. मेच्या सुट्टीत कोकणातल्या घरांत रात्री ओटीवर एकच लांब गादी घालतात आणि त्यावर अकरा डोकी ओळीने झोपतात. ऊ उडत नाही, उडीही मारत नाही, डोक्याला डोकं लागलं की चालत जाते. तिच्यासाठी याहून चांगली सोय कुठली? शिवाय लीख फुटायला आठवडाभर लागतो, म्हणजे पाहुणे आपापल्या गावी पोचल्यावर लक्षात येतं. ठाणेवालीने धाकटीला मांडीवर ओढलं, पर्समधून बारीक फणी काढली आणि खिडकीच्या उजेडात काम सुरू केलं. फणी कपाळापासून मागे, मग अंगठ्याच्या नखावर झटका. मग बारकाईने बघणं. तीन वर्षांची शांत बसली होती. सबंध प्रवासात ती तेवढी एकदाच शांत बसली.

चिपळूण गेलं, खेड गेलं. घाट संपत आला तशा गप्पा गावातून मुंबईत आल्या. रेनकोट घ्यायचा आहे. गेल्या वर्षीचा मुलाला गुडघ्यापर्यंत येतो, म्हणून यंदा वाढत्या अंगाचा घ्यायचा. वाढत्या अंगाचा रेनकोट म्हणजे पहिल्या वर्षी मूल त्यात तंबूत बसल्यासारखं दिसतं, दुसऱ्या वर्षी बरोबर बसतो आणि तेव्हाच त्याची चेन तुटते. वह्यांना ब्राऊन पेपरची कव्हरं, स्कूल व्हॅनचे वाढीव पैसे. ठाणेवालीची शाळा राज्य मंडळाची, १५ जूनची. खारघरवालीची सीबीएसई. तिच्याकडे शाळा एप्रिलमध्येच सुरू होऊन पुन्हा बंद झाली होती आणि ‘हॉलिडे होमवर्क’ म्हणून पावसाचं पाणी साठवण्याचं मॉडेल करून आणायचं होतं. ते आजोबांनी केलं होतं, सासूबाईंच्या लोणच्याच्या बरणीतून. मॉडेल आता त्या दुसऱ्या पिशवीत होतं आणि त्याला अजून लोणच्याचा वास येत होता.

“जूनमध्ये पावसाळी वेळापत्रक लागतं ना,” दादरवाली म्हणाली, “दरडींमुळे गाड्या हळू चालवतात. म्हणून आधीच निघाले. बाळाला घेऊन रात्र नको.”

“आमच्या जाऊबाई म्हणत होत्या, राहा अजून चार दिवस,” ठाणेवाली म्हणाली. “म्हणजे राहिलेली आमसुलंही गेली असती.”

यावर तिघी हसल्या. पनवेलला खारघरवाली उतरली. दोघींनी नंबर घेतले. ठाणेवालीच्या फोनमध्ये ती ‘खारघर लोणचं मॉडेल’ या नावाने साठवली गेली. प्लॅटफॉर्मवरून तिने खिडकीत वाकून शेवटचा सल्ला दिला, “पुढच्या वर्षी अढीला कुलूप लावा!” आणि जावेला दोषी ठरवणारा तो निकाल घेऊन ती ऑटोच्या रांगेत गेली.

दिवा मागे पडलं. बाहेर रात्र झाली होती. ठाणेवाली डाग मोजत होती, सहा निघत होते. मुलाने सातवा दाखवला आणि मग, पिशवी हातात देता देता, सहज म्हणाला, “आई, काकीने नव्हते घेतले आंबे.”

“मग?”

“आम्ही खाल्ले. माळ्यावर बसून. मी, दादा आणि ताई. रोज चार-चार. बाठे गोठ्यामागे टाकले.” तो थोडा थांबला. “काकीच्या पिशवीत रायवळ होते. ती सकाळी बागेतून वेचून आणते ना, ते.”

डब्यात कुणीच काही बोललं नाही. दादरवालीने बाळाच्या टोपीची नाडी विनाकारण सोडून पुन्हा बांधली. समोरच्या आजोबांनी पेपराची घडी केली, ती खिशात घातली आणि राजापूर रोडनंतर तोंडात आलेलं वाक्य अखेर सांगून टाकलं.

“ता घामोळा नाय गो बाय. देठाकडसून कच्चोच चावलो हा त्येनी. चीक लागलो हा.”

ठाणेवालीने मुलाच्या हनुवटीकडे बघितलं. मग पर्समधून फोन काढला. कालपासून जावेशी अबोला होता. निघताना तिने दारात दिलेली आंबापोळीसुद्धा ठाणेवालीने न बघता पिशवीत कोंबली होती, चौथ्या डागात, सगळ्यात खाली. रेंज पूर्ण होती. तिने नंबर लावला, एक रिंग गेली, दुसरी गेली, पलीकडून ‘हां वैनी, पोचलात?’ एवढं ऐकू आलं आणि गाडीचा आवाज एकदम बदलला, कानाशी धरलेला फोन मुका झाला.

१९१६ साली सुरू झालेला, सव्वा किलोमीटरहून थोडा लांब असलेला पारसिकचा बोगदा. कोकण रेल्वेचा नाही, म्हणून मोजणीत कुणी धरत नाही.

“अजून एक!” मुलगा ओरडला.