सतरा आठे छत्तिसासे

मी हुशार आहे, याला पुरावा नाही. साक्षीदार मात्र पोतंभर आहेत. त्यातलं प्रसंगाच्या वेळी हजर कोणीच नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

प्रसंग एवढाच. वडिलांचे मामा सांगलीहून आले होते, दिवेलागणीचा परवचा चालू होता आणि मी सतराचा पाढा न अडखळता म्हटला. वय वर्षं सात. मामा म्हणाले, "पोरगं हुशार आहे हो." त्यांना साडेसातची एसटी गाठायची होती आणि चहा अजून आला नव्हता, एवढ्यासाठीच ते बोलले असावेत. पण आईनं ते वाक्य लोणच्यासारखं बरणीत भरून ठेवलं. मुरत गेलं.

पुढच्या गणपतीत सतराचा एकोणीसचा झाला. आत्याच्या मंगळागौरीपर्यंत एकोणतीसचा. माझी मुंज लागली तेव्हा मी औटकीपर्यंत पोचलो होतो आणि प्रसंगातलं माझं वय उतरून पाचावर आलं होतं. मी कधी कुणाला दुरुस्त केलं नाही. चारचौघांत आईला खोटं पाडायचं नसतं, एवढे संस्कार माझ्यावर होते. बायकोला बघायला गेलो तेव्हा तर ती गोष्ट मी स्वतःच सांगितली, आणि सांगताना मला तो कंदिलाचा उजेडसुद्धा आठवला. आमच्या घरात तेव्हा वीज होती. परवा बेबीची सून, म्हणजे माझी भाचेसून, म्हणाली, "मामा, तुम्ही म्हणे तीन वर्षांचे असताना सगळे पाढे उलटे म्हणायचात?" मी नम्रपणे पंख्याकडे पाहिलं.

माणसाला हे असं का होतं, याचा अमेरिकेत रीतसर अभ्यास झालेला आहे. 1977 साली लिन हॅशर, डेव्हिड गोल्डस्टीन आणि थॉमस टोपिनो या तिघांनी कॉलेजातल्या मुलांना दर वेळी साठ विधानं ऐकवली आणि कुठलं कितपत खरं वाटतं ते विचारलं. असं पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतरानं तीनदा. काही विधानं दर वेळी नवी, काही तीच. जी पुन्हा पुन्हा कानावर पडली, ती मुलांना अधिकाधिक खरी वाटू लागली. मग ती खरी असोत की खोटी. पंधरा-पंधरा दिवस! आमच्या घरी एवढा धीर कोणाला होता? आमची मात्रा दिवसातून तीनदा, जेवणानंतर.

त्यावर मी म्हणायचो की अडाण्यांचं होत असेल असं, ज्याला मूळ गोष्ट ठाऊक आहे त्याला कोण फसवणार? तर 2015 साली लिसा फाझियो आणि तिच्या सहकाऱ्यांनी नेमकं हेच तपासलं. त्यांच्या विधानांत एक होतं : साडी म्हणजे स्कॉटलंडमधले लोक नेसतात तो आखूड, चुण्यांचा घागरा. असली विधानं दुसऱ्यांदा समोर आली की बरोबर उत्तर माहीत असलेल्यांनाही ती जरा अधिक खरी वाटतात. ओळखीचं वाक्य डोक्यात सुळकन शिरतं, आणि सुळकन शिरलं म्हणजे खरंच असणार, अशी मेंदू आपली समजूत घालून घेतो. पैठणीतला स्कॉटिश मनुष्य माझ्याही डोळ्यांपुढून दोन दिवस हलला नाही.

मी स्वतः भाषणांत गोबेल्सला फार वापरला आहे. "खोटं शंभरदा सांगितलं की खरं होतं, असं गोबेल्स म्हणाला होता," या वाक्यावर मला शाळा-कॉलेजांतून टाळ्या आणि नारळ मिळालेले आहेत. तो असं कुठे बोलल्याची किंवा लिहिल्याची नोंदच नाही, हे पुढे वाचनात आलं. म्हणजे ते आम्हीच शंभरदा त्याच्या नावावर सांगून खरं केलं! हॉकीचंही तेच. 'आपला राष्ट्रीय खेळ' हा निबंध लिहून मी दहापैकी आठ मिळवले होते. 2012 साली माहिती अधिकारात विचारणा झाली तेव्हा क्रीडा मंत्रालयानं कळवलं की कुठलाच खेळ राष्ट्रीय म्हणून जाहीर केलेला नाही. ते आठ गुण आता परत कोणाला करायचे?

पण पाढ्यांची गोष्ट निराळी. पाढे हा माझा हळवा विषय आहे, तेव्हा जरा बसून बोलतो. आमचा परवचा म्हणजे शुभंकरोती, मराठी महिने, नक्षत्रं, मग तीसपर्यंत पाढे आणि त्यानंतर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. औट म्हणजे साडेतीन. औट घटकेच्या राज्यातलं. साडेतीनचा पाढा कोणत्या बाजारात कामाला येतो, असं कोणी विचारत नसे. विचारणाऱ्याला पुन्हा पहिल्यापासून म्हणावं लागे. दाहोदरसे म्हणजे एकशे दहा, हे तर मला फार उशिरा कळलं. तोवर ते गुजरातेतलं एखादं गाव असावं आणि अकराचा पाढा तिथवर जाऊन थांबतो, अशी माझी कल्पना होती.

आणि पुरावा? सतराला आठनं गुणलं की एकशे छत्तीस येतात, हे मला कोणीही दाखवलेलं नाही. मी ते निव्वळ श्रद्धेनं मानत आलो. साठी उलटल्यावर एका दुपारी मला याची लाज वाटली. काबुली चण्यांचा डबा काढला, जेवणाच्या टेबलावर आठ-आठचे सतरा ढीग मांडले, सगळे एकत्र केले आणि मोजले. एकशे पस्तीस. पुन्हा मोजले. एकशे पस्तीस! पाढा चुकला असेल ही शंका मला चुकूनसुद्धा शिवली नाही. मी चण्यांवर संतापलो. "भिजवायचे आहेत ते, आटपा," असं आतून ऐकू येत असताना तिसऱ्यांदा मोजले. एकशे छत्तिसावा नातवाच्या मुठीत सापडला. पण नसता सापडला तरी मी छत्तिसासेच म्हणालो असतो, रिकामा डबा उराशी धरून.

आता बेबी. माझी धाकटी बहीण. वय अठ्ठावन्न, नाव अजून बेबीच. तिच्या वाट्याला आलेलं वाक्य वेगळं होतं. ती सहा वर्षांची असताना वाण्याकडून चार आणे कमी घेऊन आली. वाण्यानं कमी दिले की वाटेत लिमलेटच्या गोळ्या झाल्या, याची चौकशी झाली नाही. "बेबीला बाई हिशेब जमत नाही," आई शेजारणीला म्हणाली, आणि ते वाक्यही बरणीत गेलं. आईच्या मनात वाईट काही नव्हतं. पाहुण्यांना पोहे देताना "घ्या ना अजून" म्हणावं, तितक्याच सहज ती ते म्हणायची. वडील म्हणायचे, आत्या म्हणायची. मी तर तालावर म्हणायचो. बेबी गणित नको म्हणून आर्ट्‌सला गेली. मग स्थळं बघतानाही सांगितलं गेलं, हसत हसत, की स्वयंपाक उत्तम, हिशेबाचं मात्र नाव काढू नका.

आई गेल्यावर तिची ट्रंक आवरली. तळाशी आमची दोघांची प्रगतिपुस्तकं निघाली. आठवीचं गणित : एकात अठ्ठावन्न, एकात एक्क्याऐंशी. मी पुन्हा वाचलं. मग पुठ्ठ्यावरची नावं पाहिली. मग बाईंनी नावं उलटसुलट लिहिली असणार असं ठरवलं. चण्यांवर चिडलो होतो तसा मी त्या बाईंवर चिडलो. आणि मग एकदम माझी मलाच इतकी चीड आली की ट्रंकेच्या कडेवरच बसून राहिलो. ते पुस्तक दर तिमाहीला सही होऊन परत जायचं. म्हणजे ते एक्क्याऐंशी घरातल्या सगळ्यांनी पाहिले होते. फक्त ते मोठ्यानं कोणी म्हटलं नव्हतं.

भाऊबीजेला दोन्ही पुस्तकं बेबीपुढे ठेवली. ती भिशीची वही लिहीत होती. चोवीस बायका, महिना दोन-दोन हजार. चौदा वर्षं भिशी चालवते आहे, एका रुपयाचा घोळ नाही. "अठ्ठेचाळीसातून कुलकर्णीबाईंचे चार वजा," असं पुटपुटत तिनं आकडा मांडला. मी फोनवर पडताळून पाहिला. बरोबर होता.

"मला कुठे गं बाई गणित येतंय," ती सवयीनं म्हणाली आणि प्रगतिपुस्तक चाळू लागली. माझ्या अठ्ठावन्नापाशी थांबली.

"तरीच," ती म्हणाली. "त्या दिवशी मामांसमोर तू सतरा आठेला अडकला होतास, दादा. मी दारामागून सांगितलं होतं, छत्तिसासे."

गेल्या पन्नास वर्षांत हे वाक्य आमच्या घरात एकदाही उच्चारलं गेलं नव्हतं. त्यामुळे त्यावर माझा काडीचाही विश्वास बसेना.

"पुन्हा एकदा सांग बरं," मी म्हणालो.