पानांचा मुहूर्त

(स्थळ: मध्य न्यू जर्सीतल्या एका टाउनहाउसचं स्वयंपाकघर. काळ: ऑक्टोबरच्या मध्यातली संध्याकाळ. सासूबाई सहा महिन्यांसाठी पुण्याहून आल्या आहेत आणि मेथी निवडताहेत. सूनबाईंच्या हातात फोन, फोनमध्ये पानंच पानं. दिवाळीच्या शुभेच्छापत्रासाठी सहकुटुंब फोटो काढायचा आहे, एवढ्यावर एकमत झालंय. चिरंजीव शेजारच्या खोलीत मीटिंगमध्ये आहेत आणि विषय संपेपर्यंत तिथेच राहायचा त्यांचा बेत आहे.)

सून: आई, हे बघा. हाय पॉइंट! न्यू जर्सीतली सगळ्यात उंच जागा. डोंगर कसा पेटल्यासारखा दिसतोय!

सासू: किती उंच?

सून: 1803 फूट.

सासू: अगं, आपलं पुणं समुद्रापासून साधारण तेवढंच उंच आहे. म्हणजे मी अंगणात रांगोळी काढते, त्या उंचीवर जायला दीड तास गाडी चालवायची?

सून: उंचीसाठी नाही हो, रंगांसाठी.

सासू: बरं. हा फोटो कुठल्या तारखेचा?

सून: अं... 15 ऑक्टोबर.

सासू: आणि आपण जाणार कधी?

सून: फोटोग्राफरकडे 1 नोव्हेंबरच मोकळा आहे. रविवार.

सासू: मग तिथे पानं कुठली? उत्तरेला आणि डोंगरावर थंडी आधी पोचते, तिथला रंग लवकर येतो आणि लवकर जातो. आपल्याकडे खाली महिनाअखेरीला येतो.

सून: हे तुम्हाला कोणी सांगितलं?

सासू: बागेत त्या तेलुगू आजी भेटतात ना, त्यांची ही सातवी खेप आहे. आम्ही काय नुसत्या सांध्यांवर बोलतो असं वाटलं तुला?

सून: मग बेअर माउंटन? खाली हडसन नदी, वर जंगल...

सासू: तीच गोष्ट. शिवाय शनिवार-रविवारी तिकडे अख्खं न्यूयॉर्क लोटतं म्हणे. बाळ गाडीत दोन तास बसलं की उतरताना कसा चेहरा करतं, आठवतंय ना? तो चेहरा चारशे लोकांना पाठवायचा आहे का?

(सूनबाई दोन्ही जागांवरचे बदाम काढून टाकतात.)

सासू: इकडे बस. मी दोन्ही मुलींच्या आणि तुझ्या लग्नाचं कार्यालय ठरवलंय. तिथे काय बघतात? कमानीची फुलं नाही बघत. गाडी कुठे लागते, पायऱ्या किती, संडास कुठे आणि दिलेल्या वेळानंतर कोणी हाकलतं का, हे बघतात. आता सांग जागा.

सून: प्रिन्स्टनजवळचा कालवा. डेलावेअर-रॅरिटन कालवा. 1834 सालचा आहे. पूर्वी काठावरून खेचरं नावा ओढायची, तीच वाट आता चालायला ठेवलीय. सपाट आहे, पायऱ्या नाहीत. दोन्हीकडे झाडं, पाण्यात त्यांची सावली...

सासू: कालव्याकाठी सहकुटुंब फोटो? पुण्यात मुठा कालव्याच्या काठी नटूनथटून उभे राहिलो असतो, तर लोकांनी विचारलं असतं, पाणी सुटायची वाट बघताय का.

सून: आई, ही जागा खरंच सुंदर आहे.

सासू: नाही कुठे म्हणते? गाडी लागते जवळ, वाट सपाट आहे. चांगलीच आहे. संडास?

सून: ते... बघावं लागेल.

सासू: बघ. आणि पैसे घेणारा फोटोग्राफर आणला की सरकारी बागेत परवाना लागतो का, तेही विचार. इथे पुष्कळ ठिकाणी लागतो. ऐन वेळी युनिफॉर्मवाला आला म्हणजे सगळ्यांचे चेहरे एकसारखे होतील, पण हसरे नसतील.

सून: हे बघा, तिथलाच फोटो. खोडावर ही लालभडक वेल चढलीय. बाळाला इथे टेकवून उभं करायचं!

सासू: (चष्मा चढवून) अय्या, तीन-तीन पानं! बेलासारखी दिसतात की. सोमवारी महादेवाला वाहायला चार तोडून आणू.

चिरंजीव: (खोलीतून, मीटिंग म्यूट करून) आई, हात लावू नकोस! पॉयझन आयव्ही आहे ती!

सासू: म्हणजे?

चिरंजीव: तिच्या चिकाने अंगावर फोड येतात. खूप खाजतं. दोन-तीन आठवडे जात नाही.

सासू: म्हणजे बिब्बा उततो तसं?

चिरंजीव: तसंच. बिब्बा आणि ती एकाच कुळातली. आंबा, काजूसुद्धा.

(चिरंजीव मीटिंगमध्ये अंतर्धान पावतात. संपूर्ण प्रकरणात कुटुंबप्रमुखाचं योगदान एवढंच. पण होतं मोलाचं. शरदात सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत सुंदर लाल होणाऱ्यांत ही वेल असते आणि नवखा माणूस नेमका तिथेच पोज घेतो.)

सून: मग बाळाला पानांच्या ढिगात बसवू. पानं उधळतंय, असा फोटो.

सासू: ढिगात गोचीड असतात. तुझ्याच डॉक्टरीणबाईंनी भिंतीवर चित्र लावलंय. थंडी पडली की गेल्या असं समजू नका, मोठ्या झालेल्या याच दिवसांत फिरतात. लाइमचा ताप त्यांच्यामुळेच येतो ना?

सून: मग काय बाळाला हवेत धरायचं?

सासू: बापाच्या खांद्यावर. पानं वरून मी टाकीन.

सून: आता कपडे. सगळ्यांनी क्रीम, मोहरी आणि गंजाचा रंग असं चाललंय सध्या.

सासू: गंजाचा? पैसे देऊन? आणि पानं पिवळी, माणसं पिवळी, तर माणसं शोधायची कशी? मी माझी हिरवी पैठणी नेसणार. त्या लाल-पिवळ्यात हिरवं काय उठून दिसेल बघ.

(सूनबाई मनातल्या मनात पैठणी कालव्यासमोर ठेवून बघतात. बाई बरोबर बोलताहेत, हे त्यांना मान्य करावंसं वाटत नाही, म्हणून त्या चहा ठेवतात.)

सून: ठीक आहे. पैठणी. पण वेळेचं माझं ऐका. सूर्य मावळण्याआधीचा तासभर उजेड सोन्यासारखा असतो. भर दुपारी फांद्यांमधून ऊन पडलं की तोंडावर ठिपके येतात, डोळ्यांखाली काळं दिसतं. म्हणून मी संध्याकाळी पाचची वेळ घेतलीय. आत्ता सव्वासहाला मावळतो, तेव्हा जरा मागे-पुढे धरून पुरेल. वीस मिनिटांचंच तर काम.

सासू: रविवारी, 1 तारखेला, पाच वाजता?

सून: हो.

सासू: अंधारात?

सून: आई, अंधार कसा होईल?

सासू: माझ्या भिशीचा व्हिडिओ कॉल असतो रविवारी. मागच्या खेपेला नोव्हेंबरचा पहिला रविवार आला आणि पुण्याचं अंतर साडेनऊ तासांचं साडेदहा झालं. मी तासभर उशिरा लावून बसले, सगळ्या झोपलेल्या. त्या दिवशी तुमची घड्याळं मागे जातात गं! पाचच्या आतच दिवा लावावा लागतो.

(सूनबाई फोन उघडतात. फोन सासूबाईंच्या बाजूने बोलतो.)

सून: बाई गं. 4 वाजून 54 मिनिटं.

सासू: त्याला शनिवार माग. आदला दिवस. घड्याळ जुनंच असेल.

सून: शनिवारी हॅलोविन आहे! म्हणून तर त्याने सुट्टी ठेवलीय. आणि बाळ सकाळपासून डायनासोर झालेलं असणार.

सासू: साडेचारला डायनासोरातून काढ, पावणेपाचला फोटो, सव्वापाचला परत डायनासोरात घाल. चॉकलेटं मागायची ती अंधार पडल्यावरच मागतात ना? फोटोग्राफरला म्हणावं, वीसच मिनिटं दे, साबुदाणेवडे देते.

सून: तो अमेरिकन आहे, आई.

सासू: मग गोड चटणी दे बरोबर.

(सूनबाई मेसेज पाठवतात. उत्तर येतं: शनिवार चालेल, हे वडे म्हणजे काय?)

सासू: झालं. शनिवार, पावणेपाच, कालवा. मधे वादळी पाऊस आला तर पानं झडतील, म्हणून गुरुवारी संध्याकाळी तू एकदा जाऊन बघून ये. येताना संडास कुठे आहे तेही बघ. आणि आतल्या माणसाला सांग, तो बारीक चौकड्यांचा शर्ट घालायचा नाही, फोटोत लहरी उठतात. निळा इस्त्री करून ठेवलाय.