दुकानदाराच्या गळी वेबसाइट कशी उतरवावी

परदेशातलं गिऱ्हाईक मिळवणं त्या मानाने सोपं. रात्री जागायचं, दिवसा झोपायचं आणि वर बरा शर्ट चढवायचा. खालची अर्धी चड्डी कॅमेऱ्यात येत नाही. गावातल्या गिऱ्हाइकासाठी मात्र आंघोळ करून, पायांत बूट घालून भर उन्हात दुकानाच्या पायरीशी उभं राहावं लागतं. तिथे दुकानदार आपल्यालाच गिऱ्हाईक समजून "काय देऊ?" विचारतो. आपण विकायला आलो आहोत हे कळताच त्याचा चेहरा जो उतरतो, तो पाहूनच निम्मे होतकरू वेब डेव्हलपर घरी परततात आणि पुन्हा अमेरिकेच्या वेळेनुसार जगू लागतात. उरलेल्या निम्म्यांसाठी हे मार्गदर्शन आहे. उदाहरणं कोल्हापूरची आहेत. इतर गावच्या वाचकांनी गल्ल्यांची नावं बदलून घ्यावीत, माणसं तीच निघतील.

प्रथम मुहूर्त पाहावा. सकाळी भवानी होण्यापूर्वी दुकानात पाऊल टाकू नये; दिवसाचा पहिला माणूस पैसे मागणारा निघाला तर तो दिवस दुकानदार आपल्या खात्यावर मांडतो. संध्याकाळी गर्दी असते. दुपारी जेवण आणि त्यानंतरची गुंगी. राहता राहिली अकरा ते साडेबारा ही वेळ, आणि नेमकी त्याच वेळी बँकेत जायचं असतं. महिन्याच्या 11 आणि 20 तारखेच्या आसपास जीएसटीची विवरणपत्रं भरायची असतात, तेव्हा दुकानदार कुणाचाच नसतो. पितृपक्षात नवं काम कुणी काढत नाही. नवरात्रात महाद्वार रोडवर उभं राहायला जागा नसते. मग दिवाळी, मग लग्नसराई, मग मार्च. पावसाळ्यात बाजार थंड असतो खरा, पण राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागलं की शाहूपुरीत वेबसाइटचा विषय काढू नये. 2019 आणि 2021 चे महापूर ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना त्या दिवसांत क्लाउड म्हटलं की फक्त वर दिसणारे ढगच आठवतात. हे सगळे दिवस वजा करून जे उरतात, त्यांना आपल्या धंद्यात 'सीझन' म्हणतात.

आता शोध. कुणाच्या दारात जायचं हे ठरवण्यासाठी इंटरनेटपेक्षा स्कूटर उपयोगी पडते. फिरता फिरता पाट्या, फ्लेक्स, टेम्पोच्या बाजू आणि मिठाईचे बॉक्स वाचावेत. त्यांवर छापलेला वेबसाइटचा पत्ता दिसला की तो मोबाइलवर उघडून पाहावा. तो उघडत नसेल तर खिशातली वही काढावी. गुगलने दुकानदारांना नकाशावरच्या नोंदीसोबत एक फुकट वेबसाइट करून दिली होती. त्या सगळ्या वेबसाइट मार्च 2024 मध्ये त्यांनी बंद केल्या. ते पत्ते व्हिजिटिंग कार्डांवर मात्र अजून सुखाने नांदताहेत. असा दुकानदार उत्तम, कारण वेबसाइट म्हणजे काय हे त्याला सांगावं लागत नाही. ती गेली आहे, एवढंच सांगावं लागतं. तेही बेताने. घरात कुणी गेल्याची बातमी सांगताना आपण आधी "पाणी घेता का?" विचारतो, तसं.

आणखी एक जात आहे, तिच्याकडे होतकरूंचं सहसा लक्ष जात नाही. वकील. वकिलांना जाहिरातीची मनाई आहे. 2008 मध्ये बार कौन्सिलने नियम थोडा सैल केला आणि वेबसाइटवर नाव, पत्ता, फोन, ईमेल, सनदेचा नंबर, शिक्षण आणि कुठल्या प्रकारची कामं करतो एवढं लिहायची मुभा दिली. त्यापलीकडे काही नाही. ना हलणारी चित्रं, ना "शहरातील नंबर वन", ना सत्काराचे फोटो. इतकं सज्जन काम आपल्या धंद्यात दुसरं नाही. फक्त बिल लावताना शब्द जपून वापरावेत, ते शब्द वाचणारा माणूस वकील आहे.

प्रत्यक्ष भेटीत लॅपटॉप उघडू नये. काउंटरवर तो ठेवायला जागा नसते. वजनकाटा, पावतीपुस्तक, उदबत्तीचं घर आणि युपीआयचा बोलका डबा यांनी ती व्यापलेली असते. शिवाजी उद्यमनगरात बेअरिंग आणि नटबोल्टचं दुकान आहे असं धरा. मालक "बोला" म्हणतात. आपण "सर, आजकाल प्रत्येक बिझनेसला ऑनलाइन प्रेझेन्स..." इथवर येतो, तेवढ्यात एक पोरगा येऊन तेलकट बोल्ट काउंटरवर टाकतो आणि असला दुसरा मागतो. मालक बोल्ट बोटांत फिरवतात, आटे बघतात, न मोजता माप सांगतात, मागच्या तिसऱ्या खणातून नेमका तोच जोडीदार काढून देतात. पोरगा जातो. "हां, बोला." आपण "रिस्पॉन्सिव्ह" या शब्दापाशी पोचतो. दुसरा पोरगा येतो. हे चार वेळा झालं की चाणाक्ष उमेदवाराच्या ध्यानात येतं की ज्याला आटे बघून माप कळतं, त्याला आपलंही माप एव्हाना कळलेलं आहे.

म्हणून बोलणं थांबवावं आणि मालकांच्याच मोबाइलवर, मालकांच्याच बोटाने, त्यांच्या दुकानाचं नाव शोधायला लावावं. नकाशावरची खूण बहुधा पलीकडच्या गल्लीत असते. फोन नंबर दहा वर्षांपूर्वी कापलेल्या लँडलाइनचा असतो. फोटो एखाद्या अनोळखी माणसाने टाकलेला असतो, त्यात दुकान कमी आणि कुणाची तरी स्प्लेंडर जास्त दिसते. आणि ऐन कामाच्या दिवशी भरदुपारी लाल अक्षरांत 'बंद आहे' लिहिलेलं असतं. इथे मालक प्रथमच चष्मा लावतात. "म्हंजे लोकं येऊन परत जात असतील की ओ!" हे वाक्य कानावर पडेपर्यंत वेबसाइट हा शब्द तोंडातून काढू नये. खूण जागेवर आणून द्यावी, नंबर बदलावा, वेळा टाकाव्यात, गुगलच्या पडताळणीचे सोपस्कार त्यांच्याच नावाने, त्यांच्याच ईमेलने पुरे करून द्यावेत. पैसे मागू नयेत. फुकट केलेल्या कामाचा दुकानदाराला संशय येतो आणि हा संशय फेडण्यासाठी तो आपल्याला चहा पाजतो. चहा झाला की तुम्ही दारावरचे राहिला नाहीत.

चहाच्या दुसऱ्या घोटाला भाचा येतो.

भाचा जातीने येत नाही, त्याचं नाव येतं. "आमचा भाचा हाय की पुण्यात, कॉम्प्युटर इंजिनिअर. त्यो करून देतो म्हनलाय." हा भाचा हिंजवडीत कुठल्याशा परदेशी बँकेच्या व्यवहारांच्या कोडमध्ये मानेपर्यंत बुडालेला असतो, आणि मामाची वेबसाइट दर दिवाळीत 'या सुट्टीत नक्की' अशी पुढे ढकलत असतो. अननुभवी उमेदवार इथे भाच्याशी स्पर्धा करायला जातो: भाच्याला डिझाइन कसं जमणार नाही, मोबाइलवर कसं दिसणार नाही. हा आत्मघात आहे. बहिणीच्या मुलाची निंदा ऐकून कुणी काम देत नाही. उलट भाच्याची तोंड भरून स्तुती करावी, त्याचा नंबर मागावा आणि रविवारी सकाळी त्याला फोन लावावा. "तुमच्या मामांचं काम मी करू का? तुम्ही फक्त एकदा नजर टाका." पलीकडून जो सुस्कारा ऐकू येईल, तेवढी कृतज्ञता आयुष्यात सहसा वाट्याला येत नाही. पुढे मामांना पटवण्याचं काम भाचाच करतो, दरही तोच ठरवतो, आणि तो हिंजवडीत राहत असल्यामुळे तुम्ही मनात धरला असता त्यापेक्षा बरा ठरवतो.

सगळ्यांनाच वेबसाइट विकावी असं मात्र नाही. माझं मत विचाराल तर चप्पल लाइनीत ती विकू नये. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. 2025 च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्रादाने तसल्याच चपला आपल्या मॉडेलांच्या पायांत घातल्या आणि इथे गदारोळ उठला. तेव्हा "काका, आता तुमचा माल जगभर" हे वाक्य कुणालाही सुचेल. त्यावर गादीवर बसलेले काका शांतपणे सांगतील, "जग हितंच येतंय की, अंबाबाईला." आणि ते खरं आहे. देवळातून बाहेर पडलेली माणसं त्यांच्या दुकानासमोरून जातात, चप्पल पायात घालून, करकर ऐकून घेतात. त्यांना ऑनलाइन विक्रीला लावलंत तर 'साइज लहान पडला' म्हणून परत आलेल्या चपलांचा ढीग तुमच्या नावाने रचला जाईल. नकाशावरची खूण ठीक करावी आणि नमस्कार करून पुढे निघावं.

सराफांच्या गुजरीत वेगळी गंमत आहे. तिथे एसइओ, ट्रॅफिक, कन्व्हर्जन असले शब्द लागत नाहीत, "शेजारच्यांनी केली" एवढं पुरतं. पण एका गल्लीत दोन सराफांचं काम घेऊ नये. दोघांनाही गुगलवर पहिला नंबर हवा असतो आणि दोघेही रोज रात्री दुकान वाढवताना तो तपासतात.

काम मिळालं की मजकूर मागावा. मजकूर येत नाही, फोटो येतात. व्हॉट्सॲपवर, रात्री, एकगठ्ठा. त्यात दुकानाचे दोन, आमदारांच्या हस्ते सत्काराचे सात, गणपतीच्या आरतीचे काही आणि चुकून आलेलं एक वीजबिल असतं. पहिल्या पानावर सर्वांत वर कै. वडिलांचा हार घातलेला फोटो येणार, यावर वाद घालू नये. डिझाइनच्या पुस्तकात काय लिहिलं आहे ते पुस्तकात राहू द्यावं. ते दुकान त्या फोटोतल्या माणसाने उभं केलेलं आहे. मजकूर आलाच तर तो जाहिरातीच्या जुन्या फाइलमधून येतो, श्रीलिपीत टाइप केलेला. तो वेबसाइटवर चिकटवला की 'आमची परंपरा'च्या जागी रोमन अक्षरं, आकडे आणि टिंबांचा खच पडतो. मालक म्हणतात, "आमच्या डीटीपीवाल्याकडं तर बरोबर दिसतंय." तो युनिकोडमध्ये आणायचे कन्व्हर्टर आहेत, पण जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांनी तपासावेच लागतात. या कामाचे पैसे कोटेशनमध्ये आधीच धरावेत, मागून मागितले तर "नुसतं कॉपी-पेस्ट तर हाय" असं उत्तर येतं.

एक गोष्ट गंभीरपणे. डोमेन दुकानदाराच्याच नावावर, त्याच्याच ईमेलवर नोंदवावं. हजाराच्या आतबाहेरच्या या वार्षिक वस्तूवर कित्येक जण आपलं नाव लावून ठेवतात, म्हणजे गिऱ्हाईक सुटत नाही. सुटत नाही खरं, पण तुमचा फोन बदलतो, नूतनीकरण राहून जातं, पत्ता दुसराच कुणी उचलतो आणि दुकानदार पुढच्या दहा वर्षांत आलेल्या प्रत्येक वेब डेव्हलपरला दारातूनच घालवतो. आज तुम्हाला पायरीशी जो चेहरा दिसला, तो अशाच कुणा पूर्वसुरींची कृपा असण्याचा संभव मोठा आहे.

वसुली. निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी, उरलेली साइट चालू करण्यापूर्वी. "चालू करा, मग बघू" याला कोल्हापुरात उत्तर नाही, म्हणून ती वेळ येऊ देऊ नये. आली तर कायदा आहे. आधारच्या नंबरावर फुकट उद्यम नोंदणी करून घ्यावी; सरकारदरबारी आपण मग 'सूक्ष्म उद्योग' होतो, जे वर्णन उत्पन्नाशी जुळतं. 2006 च्या कायद्याप्रमाणे अशा उद्योगाचं बिल लेखी करार नसेल तर 15 दिवसांत आणि असेल तर फार तर 45 दिवसांत चुकवायचं असतं. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. 2023 च्या वित्त कायद्याने त्यात भर घातली: मुदत उलटलेलं बिल प्रत्यक्ष चुकवेपर्यंत गिऱ्हाइकाला आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. हे दुकानदाराला स्वतः सांगू नये. मैत्री तुटते, चहा बंद होतो. बिलावर उद्यम नोंदणीचा नंबर ठळक छापावा आणि स्वस्थ बसावं. मार्चमध्ये तो कागद सीएच्या टेबलावर जातो. दुकानदार कायद्याला भीत नाही, सीएला भितो.

पैसे आले की तेच गिऱ्हाईक पुढची गिऱ्हाइकं पाठवू लागतं. आडत्या मेहुणा, साडू, वर्गमित्र, रोटरीतले दोघे. प्रत्येक जण येताना दर ठरवूनच येतो, कारण "पोरगं चांगलंय" याच्या पाठोपाठ "आमाला एवढ्यात करून दिलं" हेही त्याला सांगितलेलं असतं. तेव्हा पहिल्या बिलावर आधी पुरी रक्कम लिहावी, तिच्याखाली स्वतंत्र ओळीत 'प्रथम ग्राहक सवलत' लिहून ती वजा दाखवावी, आणि त्या बिलाची एक प्रत भाच्याला व्हॉट्सॲपवर पाठवून द्यावी.