लांब एक, आखूड पाच

गाडीला काय झालंय ते हल्ली गाडीच सांगते. १९९६पासून अमेरिकेत विकल्या गेलेल्या मोटारींच्या डॅशबोर्डखाली ओबीडी-टूची खोबण असते. त्यात छोटासा स्कॅनर खुपसला की फोनवर सविस्तर तक्रार उमटते. आमची माझदा मियाटा १९९०ची. ती बोलत नाही, डोळा मारते.

ही गाडी फेब्रुवारी १९८९मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात लोकांसमोर आली. १.६ लिटरचं इंजिन, ११६ अश्वशक्ती, जागा दोनच माणसांना आणि वर कापडी छत. फोटो पाहून पुण्याच्या मामांनी फोन केला होता, "पूर्ण गाडीला पैसे कमी पडले का रे?"

तिचं मनोगत ऐकायचा विधी असा. बोनेटखाली एका कडेला 'डायग्नोसिस' लिहिलेली काळी डबी आहे. झाकण उघडून टीईएन आणि जीएनडी ही दोन भोकं वायरच्या तुकड्यानं जोडायची आणि चावी फिरवायची, पण इंजिन सुरू करायचं नाही. मग 'चेक इंजिन'चा दिवा उघडझाप करू लागतो. लांब उघडझाप म्हणजे दशक, आखूड म्हणजे एकक. दिवा आत आणि वायर बाहेर, त्यामुळे या कामाला जोडपं लागतं.

"लांब एक. आखूड... थांब, तू बोललास, मी विसरले."

"मी बोललोच नाही."

"बोनेटमागे सुस्कारा सोडलास. हं, परत आलं. लांब एक, आखूड पाच. पंधरा. आणि पोह्यांचा कांदा तू चिरणार होतास."

पंधरा म्हणजे ऑक्सिजन सेन्सर. एक्झॉस्टमध्ये बसलेला हा प्राणी शून्य ते एक व्होल्टच्या दरम्यान कुजबुजतो: साधारण ०.४५च्या वर गेला तर पेट्रोल जास्त, खाली आला तर हवा जास्त. पंधराचा अर्थ एवढाच, की त्याचा आवाज वर चढतच नाहीये. सेन्सर मेलाय असं संगणक म्हणत नाही. वायर तुटलेली असेल, सेन्सरच्या आधीच एक्झॉस्टला चीर पडून बाहेरची हवा आत शिरत असेल, किंवा सेन्सर खरोखरच म्हातारा झाला असेल. लग्नातली आत्या जशी "मला कोणी विचारलं नाही" एवढंच म्हणते आणि कोणी, कधी, कशाबद्दल हे आपण शोधत बसतो, तसा हा संगणक आहे. तरीही पंधरा दिसताच नवा सेन्सर मागवणारे शूर लोक असतात. आत्याला नवी साडी दिली म्हणजे मिटलं, असा त्यांचा हिशेब.

ट्यूनिंगची तऱ्हा याहून न्यारी. या जुन्या संगणकातले पेट्रोलचे तक्ते लॅपटॉप जोडून बदलता येत नाहीत. मग उरतं काय? त्याच्याशी खोटं बोलणं. आत येणारी हवा एअरफ्लो मीटरमधली एक झडप ढकलते आणि झडप किती उघडली त्यावरून संगणक पेट्रोल ठरवतो. कारखान्यानं पूर्ण ॲक्सिलरेटरला पेट्रोल सढळ हातानं दिलंय, म्हणून हौशी मंडळी मीटरचं झाकण उचकटून झडपेची स्प्रिंग दोन-चार दात आवळतात. झडप कमी उघडते, संगणक फसतो.

पण फसतो तो पूर्ण ॲक्सिलरेटरलाच. एरवी गरम इंजिन निवांत चालत असताना तो ऑक्सिजन सेन्सरचं ऐकून तुमचा खोटेपणा मुकाट्यानं दुरुस्त करत राहतो. आणि आमच्या कॅलिफोर्नियात संध्याकाळी ८८० हायवेवरच्या गर्दीत पूर्ण ॲक्सिलरेटर ही निव्वळ कविकल्पना आहे.

दुसरी थाप टायमिंगची. इंजिनच्या मागच्या टोकाला कॅम अँगल सेन्सर असतो. १२ मिलिमीटरचा एक बोल्ट सैल करून तो किंचित फिरवला की ठिणगी लवकर पडते. कंपनीचा आकडा १० अंश. हौशी लोक १४ ठेवतात आणि महाग पेट्रोल भरतात. मोजतानाही तीच टीईएन-जीएनडीची वायर लावावी लागते, नाहीतर संगणक मधेमधे टायमिंग हलवत बसतो.

फ्रीमाँटचे आमचे एक काका १४वाले. पण कॅलिफोर्नियात एवढ्या जुन्या गाडीला दर दोन वर्षांनी स्मॉगची परीक्षा असते आणि तिथे टायमिंगही बघतात. त्यामुळे काका आदल्या रात्री १०वर येतात आणि पास होताच परत १४वर जातात. गेल्या खेपेला तपासनिसानं टायमिंग लाइट मारून "१०, अगदी बरोबर" म्हटलं, बोल्टच्या झिजून गोल झालेल्या डोक्याकडे निरखून पाहिलं आणि काकांना विचारलं, "नवा बोल्ट देऊ का? दोन वर्षांनी पाना बसणार नाही."