जावाचे मास्तर पाहिजेत

खडकवासल्याच्या धरणातून मुठेत पाण्याचा विसर्ग सुरू असताना ज्या शहरातील सोसायट्यांच्या फाटकाशी टँकर उभे असतात, त्या शहरात संगणक-अभियंत्यांचे पीक गल्लोगल्ली आलेले असूनही दहावीच्या एका मुलीला जावा शिकविणारा मास्तर मिळू नये, यात विसंगती पाहणे हे नवख्या माणसाचे लक्षण होय. मुरलेला पुणेकर जाणतो, की या नगरीत एखादी वस्तू विपुल असणे आणि ती आपल्या हाती लागणे या दोन गोष्टींचा परस्परांशी काडीचाही संबंध नाही.

विपुलतेविषयी तर शंकाच नको. महासंगणक देण्याच्या बाबतीत अमेरिकेने हात आखडता घेतला, तेव्हा सरकारने १९८८ साली सी-डॅक ही संस्था याच शहरात उभी केली. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ सिद्ध झाला. आणि योगायोग असा, की त्याच वर्षी कॅलिफोर्नियात सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत जेम्स गॉसलिंग आणि त्यांचे सहकारी ज्या खटपटीस लागले, तिच्यातूनच पुढे १९९५ साली जावा ही भाषा जगापुढे आली. घरगुती उपकरणे चालविण्यासाठी म्हणून योजलेली ही भाषा यथावकाश बँकांच्या आणि विमा कंपन्यांच्या दप्तरात शिरली, आणि त्या दप्तराची कारकुनी करण्याचा मान हिंजवडीस मिळाला. सकाळी नऊच्या सुमारास वाकडच्या पुलाशी तटलेल्या मोटारींच्या काचांवर टकटक करून ‘जावा येते का?’ असे विचारीत गेले, तर हिंजवडीचा फाटा येण्यापूर्वी एका विद्यापीठास पुरतील एवढे अध्यापक जमा होतील. आणि वाहतुकीची गती पाहता त्यांतील प्रत्येकाची सविस्तर मुलाखत घेण्यासही सवड मिळेल.

आमच्या जिन्यात तीन बोर्डे नांदतात. तळमजल्यावरचे चिरंजीव राज्य मंडळाचे. त्यांना अकरावीत दोनशे गुणांचे बायफोकल मिळाले, त्यामुळे ते सी प्लस प्लसची आणि इंटेलने १९७६ साली काढलेल्या ८०८५ या मायक्रोप्रोसेसरची एकनिष्ठ सेवा करतात. दुसऱ्या मजल्यावरचे सीबीएसईचे. ते पायथन शिकतात. तिसऱ्या मजल्यावरील कन्या आयसीएसईची, म्हणजे १९५८ साली स्थापन झालेल्या दिल्लीच्या कौन्सिलची प्रजा, तेव्हा तिच्या वाट्यास जावा आली. एकाच टँकरचे पाणी पिणाऱ्या या तिघांना एकमेकांची वही उपयोगी पडत नाही, हे आपल्या शिक्षणव्यवस्थेतील वैविध्याचे गमक मानावयास हरकत नाही.

कन्येच्या ‘कॉम्प्युटर ॲप्लिकेशन्स’ या विषयाची लेखी परीक्षा शंभर गुणांची आणि दोन तासांची. पैकी साठ गुण सहांतून निवडलेल्या चार प्रोग्रॅमना, प्रत्येकी पंधरा या दराने. संगणकाच्या या परीक्षेत संगणक नसतो. रेघी कागदावर पेनाने प्रोग्रॅम उतरवावयाचा, आणि त्याखाली, त्यात वापरलेल्या प्रत्येक व्हेरिएबलचे नाव, प्रकार व प्रयोजन नमूद करणारा चौकटींचा तक्ता आखावयाचा, जो पाहून एखाद्या जुन्या मामलेदार कचेरीतील अव्वल कारकुनाचाही ऊर भरून यावा.

पहिला शोध अर्थातच समोरच्या दारी झाला. तेथील गृहस्थ एका परदेशी बँकेचे व्यवहार कित्येक वर्षे जावाच्या बळावर सांभाळीत आले आहेत. त्यांनी चहाचा कप बाजूला सारून वही उघडली आणि पहिल्याच प्रश्नाशी ते थबकले: दिलेली संख्या ‘टेक नंबर’ आहे किंवा नाही, हे ठरविणारा प्रोग्रॅम लिहा. हा काय प्रकार, असे त्यांनी विचारता कन्येने सांगितले, की ३०२५ चे दोन भाग करा, ३० आणि २५. त्यांची बेरीज ५५. आणि तिचा वर्ग पुन्हा ३०२५. गृहस्थांनी मोबाइलवर गुणाकार पडताळून पाहिला, तो बिनचूक निघाला, आणि मग त्यांनी विचारले, “पण हे लागते कोठे?”

“पंधरा मार्कांना,” कन्या उत्तरली.

बँकेच्या सेवेत असताना स्पाय नंबर, निऑन नंबर, डक नंबर या मंडळींशी त्यांचा कधी परिचय झालेला नव्हता. तरीही शेजारधर्म म्हणून त्यांनी पेन उचलले आणि दोन ओळी लिहिल्या, तोच कानी आले, “काका, सेमीकोलन.” आणखी एक ओळ झाली, आणि पुन्हा, “काका, सेमीकोलन.” कचेरीत असे काही राहून गेले, की यंत्र लाल रेघ ओढून माणसाला चुकीपाशी आणून उभे करते, रेघी कागद मात्र स्थितप्रज्ञ. तेव्हापासून हे गृहस्थ लिफ्टमध्ये आमच्या आधी शिरून दार लावून घेतात.

घरचा मार्ग असा खुंटल्यावर कन्येच्या तीर्थरूपांनी धंदेवाईक अध्यापकांकडे मोर्चा वळविला आणि शिफारशीस म्हणून आम्हांस बरोबर घेतले. पेठेतील एका वाड्याच्या जागी उठलेल्या इमारतीत एका मास्तरांचा वर्ग भरतो. दारावर कलमे लिहिली होती: फी संपूर्ण व आगाऊ, वर्ग मध्येच सोडल्यास परतावा नाही, दुपारी एक ते चार बेल वाजवू नये, पालकांनी अध्यापनाविषयी सूचना करू नयेत. तीर्थरूपांनी ती दोनदा वाचून तहाची बोलणी करण्यास आलेल्या पराभूत पक्षाच्या वकिलाची मुद्रा धारण केली. आम्ही समजत होतो, की मुलाखत मास्तरांची घ्यावयाची असते. मास्तरांनी चष्म्यावरून पाहत विचारले, “नववीला किती?” कन्येने ब्याऐंशी असे सांगताच त्यांनी वही मिटली, नव्वदच्या खालचे ते घेत नाहीत.

या धोरणात केवढे शहाणपण साठविलेले आहे, ते जिना उतरता उतरता आमच्या ध्यानी आले. नव्वदवाल्यांना पंचाण्णव पडतात, पंचाण्णववाल्यांची छायाचित्रे फलकावर चढतात, आणि फलक पाहून पुढील सालचे नव्वदवाले दारी येतात. या अखंड फिरणाऱ्या चक्रात ज्याला जावा येत नाही असे एखादे पोर शिरले, तर त्याला ती शिकविण्याचा प्रसंग ओढवेल, आणि ही जोखीम कोणता सुज्ञ अध्यापक पत्करील?

सरकारचे या व्यवहाराकडे लक्ष नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना जारी करून सोळा वर्षांखालील मुलांस शिकवणी-केंद्रांनी प्रवेश देऊ नये असे सांगितले आहे. त्या न्यायाने दहावीला बसणारी बहुतेक मुले शिकवणीस नालायक ठरावयाची. परंतु त्याच दस्तऐवजात केंद्र म्हणजे पन्नासाहून अधिक विद्यार्थ्यांना शिकविणारे, अशी व्याख्या असल्यामुळे, एक वर्ग स्वतःच्या नावे, दुसरा भावजयीच्या आणि तिसरा सासूबाईंच्या नावे, असे पन्नास-पन्नासांचे वाटप करून कुटुंबसंस्था बळकट करण्यास ज्याला त्याला मोकळीक आहे.

अशा कौटुंबिक वर्गांना ज्या एक बाई अपवाद आहेत, त्यांची कीर्ती ऐकून आम्ही कोथरूडास गेलो, तो कळले, की त्या न्यू जर्सीला वाहून घेतलेल्या आहेत. अमेरिकेत कॉलेज बोर्डाची ‘एपी कॉम्प्युटर सायन्स ए’ ही परीक्षा २००३-०४ या शैक्षणिक वर्षापासून जावामध्ये होते. त्यापूर्वी ती सी प्लस प्लसमध्ये आणि त्याही अगोदर पास्कलमध्ये होई. मे महिन्यात होणाऱ्या या परीक्षेत पाचांपैकी पाच मिळावेत, या काळजीने तिकडची मराठी घरे व्याकूळ असतात, आणि तिकडे रात्रीचे आठ वाजतात तेव्हा उन्हाळ्यात आपल्याकडे पहाटेचे साडेपाच झालेले असतात. ज्या ब्राह्ममुहूर्तावर पूर्वी या घराण्यात संथा होत असे, त्याच मुहूर्तावर आता बाई एडिसन गावच्या बटूंना फॉर लूप सांगतात, आणि दक्षिणा डॉलरांत पावते. तिकडच्या मुलांना २०२५ पासून उत्तरे संगणकावर टंकित करण्याची सोय झाली आहे, तेव्हा सेमीकोलनसाठी कागदाशी झुंजणाऱ्या आमच्या कन्येविषयी बाईंना करुणा वाटली. परंतु करुणेचा विनिमयदर रुपयांत फारसा भरत नाही.

अखेरीस अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षातील एक तरुण करार करून रुजू झाला. मेहनताना माफक, वाहन स्वतःचे, आणि कलम एकच: मागील प्रश्नपत्रिकांतील व गाइडांतील यच्चयावत प्रोग्रॅम मार्चपूर्वी पाठ करवून घेणे. तीर्थरूप प्रसन्न झाले. त्यांना जावाशी कर्तव्य नव्हते, पंचाण्णवांशी होते, आणि या तरुणासही तीच स्थिती मान्य होती. एके सायंकाळी तो ‘निव्हन नंबर’चा प्रोग्रॅम सांगत होता: ज्या संख्येस तिच्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो ती, उदाहरणार्थ १८. कन्येने मध्येच विचारले, “हा निव्हन कोण?”

“पोर्शनमध्ये नाही,” तरुण म्हणाला, आणि पुढची ओळ सांगू लागला.

निव्हन हे अमेरिकेतील गणिती. १९७७ साली त्यांनी एका परिषदेत या संख्यांचा विषय मांडल्यावर त्यांचे नाव तिकडे रूढ झाले. परंतु त्यांच्या पुष्कळ आधी याच संख्यांना ‘हर्षद’ असे नाव देऊन ठेवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे फर्ग्युसन महाविद्यालयाचे विद्यार्थी, १९२७ सालच्या रँग्लर परांजपे गणित पारितोषिकाचे मानकरी, आणि १९३० ते १९६२ या काळात देवळालीचे शाळामास्तर. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, तिचे चारही अंक सारखे मात्र नसावेत. अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यांतून चढत्या क्रमाने मांडलेली संख्या वजा करा, आणि हेच पुनःपुन्हा करा. ३५२४ घेतल्यास ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, पुढे ८३५२, आणि मग ६१७४, जेथून ही वजाबाकी हलावयाचे नाव घेत नाही. फार तर सात पायऱ्यांत प्रत्येक संख्या येथेच येऊन थांबते, हे कापरेकरांनी १९४९ साली मद्रासच्या परिषदेत मांडले. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ च्या मार्चमध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा कोठे जगाने या मास्तरांकडे वळून पाहिले.

हे गृहस्थ आज शिकवणीसाठी आमच्या तिसऱ्या मजल्यावर आले असते, तर काय झाले असते, याची कल्पना करणे कठीण नाही. तीर्थरूपांनी त्यांना कोणकोणत्या विद्यार्थ्यांना पंचाण्णवच्या वर पडले, गाइड कोणते वापरता, न्यू जर्सीचा काही अनुभव आहे काय, असे रीतसर प्रश्न केले असते. मास्तरांनी त्यांची उत्तरे देण्याऐवजी कन्येस कोणतीही चार अंकी संख्या घे म्हटले असते. कन्या वजाबाकीस लागली असती. तिने आपणहून दुसरी संख्या घेतली असती, मग तिसरी. पायऱ्या मोजता मोजता लूप कोठे थांबवावयाचा हे तिला कोणी न सांगता समजले असते. आणि घड्याळाकडे डोळा ठेवून बसलेल्या तीर्थरूपांनी हिशेब केला असता, की एवढ्याशा एका आकड्यात तास गेला, तर सहांपैकी चार प्रश्न तयार व्हावयाचे केव्हा? चहा देऊन, ‘कळवितो’ असे सांगून मास्तरांची सन्मानपूर्वक रवानगी झाली असती; कारण असा माणूस नेमला, तर मुलगी शिकून बसेल, हा धोका एवढ्या जाणत्या पालकाच्या नजरेतून सुटणे शक्यच नव्हते.